टेम्पुरा की साशिमी? ‘सुशी गो’मधली दोन सारखी दिसणारी पानं

‘सुशी गो’ या पत्त्यांच्या खेळाचे नियम नव्या भिडूला सांगताना टेम्पुरा आणि साशिमी ही जपानी पदार्थांच्या नावांची पानं एका दमात उरकली जातात. दोन टेम्पुरा जमले की 5 गुण, तीन साशिमी जमल्या की 10, कमी पडले तर शून्य. ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही ‘जमवायची पानं’ म्हणून एकाच कप्प्यात जातात. मग ज्याची छाती मोठी तो साशिमीच्या मागे लागतो आणि बाकीचे टेम्पुरा उचलतात. वरून दोघांत साम्यही बरंच आहे: गड्डीत दोन्हींची पानं 14-14, एकटं पान दोन्हीकडे बिनकामाचं, आणि फेरी संपली की दोन्ही बाद.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात. फिल वॉकर-हार्डिंग या ऑस्ट्रेलियन रचनाकाराचा हा 2013 सालचा खेळ; पुढे गेमराइट कंपनीने काढलेल्या आवृत्तीमुळे तो सगळीकडे पोचला. एकूण 108 पानं, दोन ते पाच भिडू, तीन फेऱ्या. हातातलं एक पान निवडून पालथं ठेवायचं, सगळ्यांनी एकदम उघडायचं, उरलेली पानं डाव्या हाताच्या भिडूकडे सरकवायची. दोघं असतील तर प्रत्येकी 10 पानं, तिघांना 9, चौघांना 8, पाच जणांना 7. चहा होईपर्यंत एक डाव संपतो, म्हणून जेवणानंतर ‘अजून एक’ म्हणत तीन-चार सहज होतात.

आता दोन्ही पानांमधला खरा फरक. समजा चौघं खेळताहेत. 108 पैकी 32 पानं वाटली गेली, म्हणजे फेरीत सरासरी चारेक टेम्पुरा आणि चारेक साशिमी फिरत असतात. चार टेम्पुरा दोघांनी निम्मे-निम्मे उचलले तर दोघांनाही 5-5 गुण. चार साशिमी तशाच दोघांत विभागल्या तर दोघांच्याही हाती भोपळा. टेम्पुरा वाटून खाता येतो, साशिमी येत नाही. फेरीत साशिमीचा संच बहुधा एकालाच पुरा होतो, पुष्कळदा कोणालाच नाही. त्यामुळे साशिमी उचलताना ‘मला तीन मिळतील का’ असं विचारून भागत नाही, ‘माझ्याखेरीज आणखी कोण जमवतंय’ हे पाहावं लागतं. समोर कोणी दुसरी साशिमी उघडी करून बसला असेल, तर तुमची पहिली साशिमी गोळा करण्याच्या हिशोबाने जवळजवळ वाया गेली असं धरा. तिचा उपयोग फक्त त्याला अडवायला.

रमी खेळून तयार झालेले भिडू इथे हमखास गोंधळतात. रमीत तिसऱ्या पानाची वाट पाहायची सवय असते आणि दुसऱ्याला आपला हात दिसत नाही. इथे तुमच्या दोन साशिमी टेबलावर उघड्या पडलेल्या असतात. उजव्या हाताचा भिडू, म्हणजे जो तुम्हाला पानं पाठवतो, त्या सतत बघतोय असं समजा. तिसरी साशिमी त्याच्याकडे आली की ती तुमच्यापर्यंत पोचू द्यायची की नाही, हे तोच ठरवणार.

गुणांचा हिशोब मात्र बहुतेकांना उलटा वाटतो. पानामागे टेम्पुराचे अडीच गुण पडतात, साशिमीचे तीन आणि थोडे. आता बाजूला निगिरी, म्हणजे एकटं असलं तरी गुण देणारं पान, ठेवून पाहा: अंड्याची 1, सॅमनची 2, स्क्विडची 3, आणि हे पक्के. म्हणजे तीन स्क्विडना 9 गुण बिनधोक, आणि साशिमीची एवढी यातायात करून 10! स्क्विडची पानं गड्डीत पाचच आहेत हे खरं, पण हातात स्क्विड असताना पहिली साशिमी उचलणं मला तरी पटत नाही. टेबलावर वसाबी, म्हणजे पुढच्या निगिरीचे गुण तिप्पट करणारं पान, उघडी असेल तर स्क्विडचे 9 होतात, मग प्रश्नच मिटला.

टेम्पुराला ‘सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनीही एक आकडेमोड करावी. पहिला टेम्पुरा घेताना सॅमन सोडलात, 2 गुण गेले. पुढे जोडीचा मिळाला आणि तिथेही सॅमन सोडावी लागली, तर 5 वजा 4, फायदा फक्त 1. जोडी लागलीच नाही तर तोटा 2. म्हणजे तीनपैकी दोन वेळा तरी जोडी लागायला हवी, तेव्हा कुठे बरोबरी. हेच सॅमनच्या जागी अंड्याची निगिरी असेल तर चित्र पालटतं: लागली तर फायदा 3, हुकली तर तोटा 1. टेम्पुरा चांगला की वाईट हे टेम्पुरावरून ठरतच नाही, त्याच्या शेजारी हातात काय आहे त्यावरून ठरतं.

साशिमीत याहून गमतीचा प्रकार आहे. पहिल्या साशिमीला कोणी घाबरत नाही, दुसरीला सगळे घाबरतात. ‘एक गेली तर गेली, आता दुसरी कशाला वाया घालवू?’ पण पहिली तर टेबलावर पडलीच आहे. दुसरी उचलताना तुम्ही सॅमनचे 2 गुण सोडता, आणि तिसरी मिळाली तर तिथली सॅमन वजा जाऊन 8 हाती येतात. म्हणजे तिसरी मिळायची शक्यता चारात एक असली तरी दुसरी घेणं परवडतं. कचरायचं तर पहिल्या साशिमीला कचरावं. एकदा घेतली की दुसरी सोडून देणं बहुतेक वेळा चूक ठरतं. टेम्पुरात असा पेच नाहीच. पहिला घेताना काय तो विचार, दुसरा दिसला की डोळे झाकून उचलायचा.

भिडू किती आहेत यावर दोन्ही पानांची किंमत बरीच बदलते. दोघंच खेळत असतील तर फेरीत 20 पानं येतात, आणि निम्म्या फेऱ्यांमध्ये तीन साशिमी त्या 20 पानांत आलेल्याच नसतात! दोन टेम्पुरा मात्र दहापैकी जवळपास आठ वेळा असतात. शिवाय दोघांच्या डावात दुसऱ्या पाळीला समोरच्याचा हात तुमच्याकडे येतो आणि त्याने उचललेलं पान टेबलावर दिसत असतं, त्यामुळे सगळी 20 पानं तुमच्या नजरेखालून गेलेली असतात. मोजून घ्या आणि तीन साशिमी नसतील तर विषय बंद. नेमक्या तीन असतील तरी बंदच, कारण समोरच्याने एक उचलली की संच मेला.

तिघांचा डाव साशिमीला सर्वांत मानवतो. 9 पानांचा हात तुमच्याकडे तीनदा येतो आणि अडवणारे दोघंच असतात. पाच जणांत उलटं होतं: पहिला हात परत येतो तेव्हा त्यात दोनच पानं उरलेली असतात, त्यामुळे ‘ही साशिमी पुढच्या चक्करला घेऊ’ हा बेत सोडून द्यावा. पाच जणांत मी पहिल्या पाळीला साशिमी घेतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हातात पुन्हा दिसायला लागल्या आणि कोणी हात लावत नाही असं वाटलं, तर उतरायचं.

अडवण्यातही दोघांचा स्वभाव वेगळा. डावीकडच्या भिडूकडे एक टेम्पुरा आहे आणि तुमच्या हातात दुसरा आला, तर तो उचलून तुम्ही त्याचे 5 अडवता आणि वर तुमचीही अर्धी जोडी होते. तिसरी साशिमी अडवली तर 10 वाचवता, पण ते पान तुमच्यापाशी बहुधा शेवटपर्यंत मेलेलंच राहतं. दोघांच्या डावात ही किंमत बिनशर्त मोजावी. चौघांत अडवण्याचा फायदा उरलेल्या दोघांना फुकट मिळतो, म्हणून तो भिडू नेमका तुमच्या डाव्या हाताला असेल आणि गुणांत पुढे असेल तरच हे ओझं घ्यावं. एरवी ज्याच्या डाव्या हाताला तो बसलाय, त्याने बघावं.

चॉपस्टिक्सची, म्हणजे पुढे एखाद्या पाळीत एकदम दोन पानं उचलू देणारी, पानं चारच आहेत, पण ती हाताशी असतील तर दोन्हींचं गणित सैल होतं. एकाच हातात दोन टेम्पुरा दिसले की एका पाळीत जोडी पूर्ण, कोणाला अडवायला वेळच नाही. साशिमीत मजा अशी की टेबलावर एकच उघडी असताना कोणी तुमच्याकडे लक्ष देत नाही; मग एकदम दोन उचलून संच लावायचा. एक साशिमी आणि चॉपस्टिक्स घेऊन गप्प बसलेल्या भिडूकडे दोन साशिमी असलेला हात सरकवू नये, एवढं सांगून ठेवतो.

तिसऱ्या फेरीत आणखी एक गोष्ट पाहावी. मूळ ‘सुशी गो’त वापरलेली पानं पुन्हा पिसली जात नाहीत. चौघांच्या डावात पहिल्या दोन फेऱ्यांत दहाएक साशिमी येऊन गेल्या असतील, तर गड्डीत उरलेल्या 44 पानांत चारच राहिल्या, त्यातून 32 वाटली जाणार. अशा वेळी साशिमीकडे फिरकूच नये, टेम्पुरा किती उरलेत ते आठवावं. 2016 सालच्या ‘सुशी गो पार्टी’त ही मोजणी चालत नाही. तिथे दोन्हींची पानं 8-8 असतात आणि पुडिंगसारखी गोड पानं सोडून बाकी सगळी दर फेरीला परत गड्डीत जातात.