ऑइल प्रेशर जाणं (डिझेल इंजन)

चालू डिझेल इंजनात वंगणाचा दाब एकाएकी पडला, काटा शून्याला टेकला किंवा लाल दिवा लागला की विदर्भात गावाकडे 'आईल प्रेशर गेलं' म्हणतात. सोयाबीनच्या मळणीत थ्रेशर फिरवणारा ट्रॅक्टर असो, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत उतरलेला हार्वेस्टर असो नाहीतर नाला खोलीकरणावरची पोकलेन, लक्षण एकच. इंजन लगेच बंद करायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, वाद असतो तो त्यानंतर काय उघडायचं यावर.

मुळात पंप दाब तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल मेन बेरिंग, कनेक्टिंग बेरिंग, कॅमचे बुश अशा फिरते दांडे धरणाऱ्या भागांच्या बारीक फटीतून निघताना अडते आणि त्या अडण्याचा दाब गेजवर दिसतो. म्हणजे फट वाढली, ऑइल पातळ झालं किंवा पंपाला ऑइलच कमी मिळालं, तिन्ही वेळी काटा खालीच येणार. 'क्रँक (इंजनाचा मुख्य दांडा) पंपाच्या दाबावर तरंगतो' ही मिस्त्री लोकांतली समजूत मात्र अर्धीच खरी. 1883 मध्ये बीचम टॉवर यांनी इंग्लंडात रेल्वेच्या ॲक्सल बेरिंगवर प्रयोग केले तेव्हा बेरिंगच्या डोक्यावर पाडलेल्या भोकातून तेल उलटं वर येऊ लागलं, लाकडी खुंटी ठोकली तर तीही बाहेर आली, आणि गेज लावलं तर काटा 200 पौंडाच्या पुढे, बेरिंगवरचा सरासरी भार मात्र चौरस इंचाला 100 पौंडच. पंप तिथे नव्हताच, दांडा नुसता खालून तेलात बुडून फिरत होता. फिरणारा दांडा तेल पाचरीसारखं आत ओढतो आणि दाब स्वतःच करतो, याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडलं. पंपाचं काम ताजं ऑइल पोचवणं आणि उष्णता वाहून नेणं. ते थांबलं की आहे तेवढं ऑइल कडेने निघून जाते आणि थोड्याच वेळात मेटल (बेरिंगची आतली पाती) शाफ्टला घासायला लागते.

दाबाने वंगण देण्याची पद्धत पहिली कोणाची यावर एकमत नाही. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉमच्या वाफेच्या इंजनाला 1890 च्या सुमाराचं श्रेय दिलं जाते, मोटारींकडून लिहिणारे लँचेस्टरचं नाव घेतात. लँचेस्टरची पहिली गाडीच 1895 च्या आसपासची, त्यामुळे पहिलं मत जास्त पटते. विहिरीवरच्या जुन्या संथ इंजनांत बरेचदा ऑइल नुसतं उडवलं जायचं, गेजच नाही, म्हणून तिथे हा बिघाड काट्यावर दिसतच नाही.

निदानात पहिला प्रश्न, दाब हळूहळू गेला की झटक्यात. बेरिंग सहसा सावकाश झिजते, आधी गरम इंजनात आयडलिंगला काटा खाली राहते, रेस दिली की वर येते, असं बरेच दिवस चालते. झटक्यात गेलं तर लेव्हल, पंपाचा ड्राइव्ह, कचऱ्याने उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप), चेंबरमधली (इंजनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी, फुटलेला ऑइल कूलर किंवा निखळलेला गॅलरी प्लग (ऑइलच्या मुख्य वाटेचं बूच), आणि कित्येकदा नुसता सेंडर (गेजला दाब कळवणारा सेन्सर). पण झटक्यासोबत खालून ठोका आला तर बेरिंग आपल्या जागेत फिरलं समजावं, पुन्हा स्टार्ट मारून पाहू नये. ठोका नसेल तर डिपस्टिक पाहून सेंडरच्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावतात. दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हा ढोबळ हिशोब, खरा आकडा त्या इंजनाच्या मॅन्युअलमधला.

स्टार्ट केल्यावर दाब ठीक, काही मिनिटांनी पडतो, बंद करून थोडं थांबलं की परत येतो, हे जाळीवर गाळ बसल्याचं लक्षण, कारण ओढ थांबली की गाळ खाली गळतो. सक्शन पाइपची ओ-रिंग कडक झाली किंवा पाइपला चीर गेली तर पंप ऑइलऐवजी हवा ओढते. अशा वेळी जुने मिस्त्री थोडं जास्तीचं ऑइल टाकून पाहतात, जोड बुडला आणि दाब आला तर चोर सापडला. जास्तीचं ऑइल नंतर काढायचं मात्र विसरू नये.

लेव्हल वाढलेली दिसली तर लोक खूश होतात, खरं म्हणजे तिथेच घाबरावं. टपकणारं नोझल, फीड पंपाचा फाटलेला डायफ्राम किंवा इंजेक्शन पंपाचं सील यातून डिझेल चेंबरात उतरते, ऑइल पातळ होते, वासानेच कळते. दुधाळ झालं असेल तर पाणी. फार भरलं तर ब्रीदरवाटे (इंजनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेच ऑइल इनटेकमध्ये जाऊन इंजन आपोआप पळायला लागू शकते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

फिल्टर फेकू नये, कापून त्याचा कागद उघडून पाहावा. तांबूस चमक म्हणजे बेरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं लागलं, चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. यावरून हाफ इंजन उतरवायचं (इंजन अर्धवट खोलायचं) की नुसता चेंबर, हे ठरते.

उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपुराकडे पारा 45 च्या वर जातो, त्यावरून 'उन्हानं प्रेशर गेलं' असं ऐकू येते. 40 ग्रेडचं ऑइल 100 अंशाला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) राहते, हवा तापली तरी रेडिएटर साफ असेल तर इंजनातलं तापमान तेवढ्याने फार हलत नाही. भुशाने गच्च झालेला रेडिएटर हे कारण जास्त खरं वाटते, आणि तेही दाब हळूहळू उतरण्याचं.

नव्या कॉमन रेल (कंप्युटरने डिझेल फवारणाऱ्या) इंजनांत दाब पडला की कंप्युटर स्वतः ताकद कमी करतो किंवा इंजन बंद पाडतो. तिथेही सेन्सर काढून त्याच आट्यात साधा गेज बसवल्याशिवाय निदान पक्कं धरत नाहीत.