सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही, जुन्या गाडीचं नेमकं काय बिघडलेलं असतं?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की गॅरेजवर एक वाक्य सारखं ऐकू येतं, "भो, सेल्फ तर मस्त फिरतो, पण गाडी पकडतच नाही." लगेच कोणी बॅटरी बदल म्हणतं, कोणी धक्का मारू म्हणतं. पण इंजिन नेहमीच्या जोरात फिरतंय म्हणजे बॅटरी, स्टार्टर आणि जाड वायरी आपलं काम करताहेत, तिथे पैसे घालवायची गरज नाही. फक्त एक गोष्ट बघा, चावी सोडता सोडता गाडी पकडल्यासारखी करते का? तसं असेल तर स्टार्टर एवढा करंट ओढतोय की ठिणगीसाठी व्होल्टेज उरत नाहीये, म्हणजे बॅटरी किंवा तिचे टर्मिनल तपासायलाच हवेत.

बाकी वेळी प्रश्न एवढाच, की पेट्रोल पोचत नाहीये की ठिणगी पडत नाहीये. हे ओळखायला पहिलं साधन आपलं नाक. दहा सेकंद सेल्फ मारा, त्याहून जास्त नको कारण स्टार्टरची मोटर तापते, आणि मग सायलेन्सरजवळ वास घ्या. पेट्रोलचा कच्चा वास येत असेल तर पेट्रोल आत जातंय पण जळत नाहीये, संशय ठिणगीवर. काहीच वास नाही तर टाकीपासून इंजिनपर्यंत कुठेतरी वाट अडलीय. गॅस किट असेल तर आधी स्विच कुठल्या बाजूला आहे ते बघा, कारण किटवाल्या कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) असलेल्या गाडीत पेट्रोलच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि स्विच गॅसवर असला की तो पेट्रोल बंदच ठेवतो.

ठिणगीचं गणित भारी आहे. बॅटरी 12 व्होल्टची, पण प्लगच्या जेमतेम मिलिमीटरभर फटीतून ठिणगी उडवायला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते, फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेल्या तत्त्वावर: एका वेटोळ्यातला करंट अचानक तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि शेजारच्या हजारो वेढ्यांच्या वेटोळ्यात प्रचंड व्होल्टेज तयार होतं. हा करंट तोडायचं काम जुन्या गाडीत पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे बारीक संपर्क, करतात, त्यामुळे पॉइंट जळाले किंवा त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर गेला की सगळंच ठप्प. ठिणगी निळसर-पांढरी आणि जोरात पडली तर चांगली, पिवळट मरतुकडी असेल तर कमजोर. पण वायर हातात धरून हे बघू नका, आणि जवळ सांडलेलं पेट्रोल असेल तर मुळीच नाही, ठिणगी बघायचा टेस्टर मिळतो तो लावा.

आता आपल्याकडचा खरा त्रास. धुळ्याहून गाडी नीट आली, चहाला पंधरा मिनिटं थांबलो, आणि नंतर सुरूच होईना, तासाभराने थंड झाल्यावर मात्र पहिल्या झटक्यात पकडली. याचं कारण असं की गाडी बंद केली की पाणी फिरणं आणि वारा दोन्ही थांबतात, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता बाहेर येतच राहते, म्हणून बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. पेट्रोल एकच पदार्थ नसून मिश्रण आहे, त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशालाच उकळायला लागतात. कार्बोरेटरवाल्या मारुती 800 मध्ये पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला आणि तो पेट्रोल ओढून घेतो, ओढताना लाइनमधला दाब कमी होतो, दाब कमी झाला की उकळणं अजून सोपं, मग लाइनमध्ये वाफ भरते आणि पंप नुसती वाफच दाबत बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. इथेनॉल एकटं 78 अंशाला उकळतं, पण पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की ते मिश्रणाला वाफ व्हायला मदतच करतं. पंपावर आणि लाइनवर ओलं फडकं ठेवायचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय म्हणूनच चालतो, त्यात शास्त्र आहे.

गंमत म्हणजे याच उष्णतेने अगदी उलटंही होतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, सांडतं आणि इंजिन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोलने तुंबतं. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, इथे पेट्रोलच जास्त झालेलं असतं. अशा वेळी वास जबरदस्त येतो. एक्सलेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन जास्तीचं पेट्रोल निघून जाईल. दाब-सोड, दाब-सोड करू नका, प्रत्येक दाबाला कार्बोरेटर आणखी एक पिचकारी मारतो.

इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या नव्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो, दाबाखाली उकळायला जास्त तापमान लागतं म्हणून तिथे व्हेपर लॉक क्वचितच. चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद घूंऽऽ आवाज आला तर पंप जिवंत आहे, नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मोटर नंतर. आणि गाडी गरम असतानाच बंद पडत असेल तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. त्याच्या आतली बारीक तार तापून फुगली की जोड सुटतो, थंड झाली की परत जुळतो, म्हणून गॅरेजपर्यंत गाडी नेली की तिथे ती हटकून चालू होते. बऱ्याच गाड्यांमध्ये सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर हाच आधी तपासून घ्या.

डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नसतेच, तिथे लाइनने एअर धरलीय का (म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरलीय का) आणि पंपाच्या सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची, वायर निघालीय का, हे आधी बघायचं.

आणि आवाज ऐका. चांगलं इंजिन सेल्फवर फिरताना दम लागल्यासारखं लयीत फिरतं, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना थोडा अडतो. ही लय गेली आणि इंजिन एकदम हलकं, भरभर फिरायला लागलं तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा, तुटला असण्याची शक्यता मोठी. मग आणखी सेल्फ मारू नका, काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेड उघडायची वेळ येते. कव्हर काढून बेल्ट डोळ्याने बघा, मगच पुढचं ठरवा.