स्टिअरिंग थरथरतं म्हणून डुलकी चालेल?

‘नव्या गाडीत डुलकी लागली तरी काळजी नको, स्टिअरिंग थरथरून जागं करतं’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

थरथर येते, पण ती झोप ओळखून नव्हे. काचेमागचा कॅमेरा लेनचे पांढरे-पिवळे पट्टे बघतो; इंडिकेटर न देता चाक पट्ट्याकडे सरकलं की स्टिअरिंग थरथरतं. पट्टा पुसलेला असेल, चिखलाखाली गेला असेल किंवा ओल्या रस्त्यावर समोरून दिव्यांची तिरीप येत असेल, तर कॅमेऱ्याला तो दिसेलच असं नाही. (आपल्याकडे कितीतरी रस्त्यांवर पट्टाच नसतो, ते वेगळंच.) शिवाय ताशी १०० किलोमीटरने गाडी ३ सेकंदांत ८० मीटरहून जास्त जाते. दचकून उठलेल्याला आधी आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

खात्री करायची तर शेजारी बसलेल्याला मीटरवरच्या लेनच्या चिन्हाकडे बघायला सांगा. पट्टे सापडले की साधारणपणे ते उजळतं, हरवले की मंद होतं. ही सोय किती वेगापुढे चालू होते, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं; बऱ्याच गाड्यांत ६०च्या आसपास.

महामार्गाच्या कडेचे खडबडीत पट्टे मात्र कॅमेऱ्याविना, जुन्या ट्रकलाही हादरवतात.