नुसतं मीठ घालून समुद्र होत नाही

"मामा, ह्यात मीठ घाटलं की समुद्र झाला की!" रत्नागिरीच्या मत्स्यालयातनं समुद्री मासे बघून आल्यापासून भाच्याचं हेच चाललं होतं. आमची टाकी तीन फुटी, साधारण १२० लिटरची. इतकी वर्षं त्यात टेट्रा, एंजल आणि मोली राहत होते. तिचं खाऱ्या पाण्यात रूपांतर करायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न या माशांचाच होता.

मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीला पाणी सुटतं आणि पाण्यात टाकलेला मनुका फुगतो. जिकडं क्षार जास्त, तिकडं पातळ पडद्यातनं पाणी ओढलं जातं. यालाच परासरण म्हणतात. टेट्रा हा मनुक्यासारखा. त्याच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, त्यामुळं कल्ल्यांतनं पाणी सारखं आत शिरतं. तो पाणी जवळजवळ पीतच नाही, उलट पातळ लघवीवाटे ते सतत बाहेर टाकतो. समुद्रातला हाडांचा सांगाडा असलेला मासा कैरीच्या फोडीसारखा. त्याच्या रक्तात समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच क्षार असतात, म्हणून अंगातलं पाणी निसटत राहतं. मग तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर उपसतात. टेट्राकडं ही यंत्रणा नाही. खाऱ्या पाण्यात तो अक्षरशः सुकून मरतो. मोलीला मात्र काही दिवसांत थोडं थोडं मीठ वाढवत नेलं, तर पूर्ण खाऱ्या पाण्यातही जगता येतं. आम्ही सगळेच मासे ओळखीच्या दोन घरांत दिले. कुणी म्हणालं, रंकाळ्यात सोडा. कृपा करून हे कधीच करू नका. टाकीतले परदेशी सकर मासे आपल्या देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत असेच पसरलेत.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आमच्या टाकीला चार किलोंहून थोडे जास्त. पण स्वयंपाकातलं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्रात त्याच्या जोडीला सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असतं आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा-अल्कलीपणाचा आकडा, ८.२ च्या आसपास धरून ठेवणारे कार्बोनेटही असतात. म्हणून मत्स्यटाकीसाठी तयार केलेलं समुद्री मीठच आणावं लागतं, आणि ते आरओच्या पाण्यात विरघळवलेलं बरं. आंबा घाट उतरून कॅनमधनं समुद्रच आणायचा विचार माझ्याही मनात आला होता. पण किनाऱ्याजवळचं पाणी पावसाळ्यात नद्यांमुळं पातळ होतं, त्यात सांडपाणीही येतं आणि बंद कॅनमध्ये त्यातले सूक्ष्मजीव मरून पाणी नासतं.

जुनी रंगीत वाळू आणि लाकूड काढून टाकलं. लाकडातनं उतरणारी आम्लं पीएच खाली ओढतात. वाळूचं कारण वेगळं. माशांना बुरशी झाली तेव्हा मी तांब्याचं औषध वापरलं होतं. तांबं वाळूत मुरून राहतं, पुढं हळूहळू सुटतं आणि कोळंबी, शंखांसारख्या जिवांना थोडंसुद्धा सोसत नाही. थोडं तांबं टाकीत उरलं असेल या भीतीनं या टाकीत मी कोळंबी ठेवणार नाही.

खरी टाकी मात्र डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांतनं अमोनिया सोडतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्यामानानं निरुपद्रवी. माझ्या जुन्या फिल्टरमधल्या स्पंजात या जिवाणूंची वस्ती वर्षानुवर्षं जमलेली होती. पण ती गोड्या पाण्यातली. एकदम पूर्ण खारं पाणी मिळालं की ती कोलमडते. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त. ७ पीएचला अमोनियाच्या २०० कणांत एखादाच विषारी रूपात असतो, ८.२ ला १०० मध्ये सहा-सात. म्हणजे गोड्या टाकीत खपून गेलेली चूक इथं मासा मारते. म्हणून खारं पाणी भरून, थोडा अमोनिया घालून, टाकी माशांविना चालवायची आणि चाचणीत अमोनिया-नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबायचं. याला बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. भाचा रोज विचारायचा, "मामा, आज मासे?" रिकामी दिसणारी टाकी भरत चाललीय, हे त्याला पटवणं हेच माझं त्या महिन्यातलं मोठं काम होतं.

खाऱ्या टाकीला सहसा स्किमर लावतात. आपल्याकडं गुऱ्हाळावर काहिलीत भेंडीचा चीक घालून वर आलेली मळी काढतात, त्याच्या जवळ जाणारं हे काम. स्किमरमध्ये बारीक बुडबुडे सोडतात. पाण्यातली प्रथिनं आणि चिकट घाण बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला धरते आणि फेसाबरोबर वरच्या पेल्यात जाते. गोड्या पाण्यात बुडबुडे लगेच एकमेकांत मिसळून मोठे होतात. क्षार त्यांना मिसळू देत नाहीत, म्हणून असा दाट फेस खाऱ्या पाण्यातच धरतो.

खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागं सुमारे ८.३ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात ६.८. पाणी तापलं की तो आणखी घटतो. त्यामुळं उन्हाळ्यात वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप आधी लावतो. पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागंच राहतं, म्हणून पातळी खाली आली की भर नेहमी गोड्या पाण्याचीच घालायची. काचेवर पेनानं मारलेली खूण आता भाचाच सांभाळतो.

प्रवाळ आम्ही आणले नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार खडक बांधणारे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली, आहेत, त्यामुळं टाकीत चिनी मातीचे सच्छिद्र खडक आहेत. क्लाउनफिश मासे मात्र हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवलेले मिळतात. सहाव्या आठवड्यात तशी दोन पिल्लं आणली, टाकीचं पाणी तासभर थेंब थेंब त्यांच्या भांड्यात सोडलं आणि मग टाकीत सोडली. या माशांत आधी नर होतात आणि जोडीतला वरचढ पुढं मादी होतो. एकजण आताच दुसऱ्याला हीटरमागच्या कोपऱ्यातनं हुसकावायला लागलाय.