धबधब्याचाही किरणोत्सव

कॅलिफोर्नियातल्या भाचीचा परवा फोन आला. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात फोटो काढायला जायचं म्हणून तिनं गाइडबुक घेतलंय. त्यात हॉर्सटेल धबधब्यापुढं छापलंय : फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, सूर्यास्त. एल कॅपिटन कड्यावरून पडणारं ते पाणी काही मिनिटं पेटल्यासारखं केशरी दिसतं. छायाचित्रकार गेलन रॉवेल यांनी १९७३ साली ते रंगीत टिपलं आणि पुढं तिथं कॅमेऱ्यांची जत्रा भरू लागली. "मामा, फेब्रुवारीत रजा नाही. ऑक्टोबरात गेले तर?"

म्हटलं, कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, मावळतीचे किरण देवळात शिरून मूर्तीवर पडतात तो, बघत वाढलीस, वर्षातनं कितीदा असतो तो? दोनदा. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी.

सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेतलं वाक्य वर्षातले दोनच दिवस नेमकं खरं असतं. पृथ्वीचा अक्ष कललेला, त्यामुळं मावळतीची जागा रोज सरकते. कोल्हापूरच्या १६.७ अक्षांशावर २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या साधारण साडेचोवीस अंश दक्षिणेला टेकतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. या दोन टोकांत वर्षभर येरझारा. टोकं सोडली तर मधल्या प्रत्येक जागेवरून तो दोनदा जाणार : एकदा जाताना, एकदा परतताना. दिवस मोजा. १० नोव्हेंबर दक्षिण टोकाच्या ४१ दिवस आधी, १ फेब्रुवारी ४२ दिवस नंतर. हिशेब हवा असेल तर मावळतीच्या कोनाची साइन म्हणजे सूर्याच्या क्रांतीची (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनाची) साइन भागिले अक्षांशाची कोसाइन. क्रांती उणे १७ अंश धरली की उत्तर येतं सुमारे १८ अंश दक्षिण. या काळात मावळती रोज जेमतेम ०.३ अंश सरकते आणि सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची. म्हणून सोहळा दोन-तीन दिवसांत आटोपतो.

गंमत म्हणजे सूर्य खाली उतरतो तसा किरण मूर्तीवर पायांकडून वर चढतो, कारण तो आडवा होत जातो. याला चमत्कार म्हटलं की ज्यांनी हे आकाश बघून बांधलं त्यांचीच अक्कल आपण नाकारतो.

आता भाचीचा प्रश्न. २० फेब्रुवारी टोकानंतर ६१ दिवसांनी, म्हणजे २१ ऑक्टोबरच्या आसपास सूर्य त्याच जागी. प्रकाश कड्यावर तसाच पडेल, पण धबधबा वितळत्या बर्फावर चालतो. ऑक्टोबरात कोरडा दगड! गाइडबुकनं 'फेब्रुवारी' छापताना दोन अटी एका शब्दात कोंबल्या होत्या.

आणखी एक. पुस्तकातल्या 'गोल्डन अवर'वर, म्हणजे सूर्यास्ताआधीच्या सोनेरी उजेडाच्या तासावर, विसंबून चांदोलीत निवांत चहा पीत बसू नका. आपल्याकडं सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो. क्षितिजाच्या वरचे शेवटचे ६ अंश तो पंचवीसेक मिनिटांत उतरतो.

भाचीनं रजा फेब्रुवारीत हलवली. मावळतीला ढग आला तर काय, विचारत होती. नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळात गरुड मंडपापाशी ताटकळलेल्या कोणालाही विचार म्हटलं.