इंटरनॅशनल बिझनेसचं एमबीए की एमएस्सी?

"मॅडम, एमबीए आयबी इथंच करू, की बाहेर जाऊन एमएस्सी मॅनेजमेंट अँड इंटरनॅशनल बिझनेस करू? शेवटी एकच ना दोन्ही?"

पदवीचे निकाल लागले की हा प्रश्न दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारी मुलं हुशार असतात, घरचे कर्ज काढायला तयार असतात आणि दोन्ही माहितीपत्रकांवरचे शब्दही जवळजवळ तेच असतात. मी स्वतः पुण्यात एमबीए आयबी केलं, काही वर्षं एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनमध्ये काढली आणि आता हाच विषय शिकवते. कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी मुलांना यातला फरक नीट कळायला हवा, याची मला खरोखर काळजी वाटते.

पहिला घोटाळा 'एमबीए' या शब्दातच आहे. हार्वर्डने १९०८ साली ही पदवी सुरू केली. पुढे अमेरिका-युरोपात ती काही वर्षं नोकरी करून आलेल्या लोकांची पदवी झाली. लंडनची असोसिएशन ऑफ एमबीएज ही संस्था ज्या अभ्यासक्रमांवर शिक्का मारते, तिथं प्रवेशाला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडे मात्र बी.कॉम. किंवा बी.ई. झाल्या झाल्या कॅट नाहीतर सीईटी द्यायची आणि बाविसाव्या वर्षी वर्गात बसायचं. म्हणजे आपलं एमबीए वयाने तिकडच्या 'मास्टर्स इन मॅनेजमेंट'च्या जवळचं. फायनान्शियल टाइम्सच्या दोन वेगळ्या क्रमवाऱ्या पाहा. अहमदाबाद, बंगळूर, कोलकाता इथल्या आयआयएमचा दोन वर्षांचा गाजलेला अभ्यासक्रम तिथं मास्टर्स इन मॅनेजमेंटच्या यादीत येत आला आहे. एमबीएच्या यादीत येतो तो अनुभवी लोकांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. मुंबई विद्यापीठाच्या 'एमएमएस'चं उलटं आहे. नाव मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज, पण सीईटी एमबीएचीच आणि बाजारात मानही एमबीएचाच.

म्हणून अनुभव नसलेला मुलगा युरोपातल्या चांगल्या संस्थेत एमबीएला अर्ज करतो तेव्हा बहुतेकदा नकारच येतो, आणि त्याला वाटतं आपण कमी पडलो. तो कमी पडलेला नसतो. त्याने चुकीचं दार वाजवलेलं असतं. त्याचं दार एमएस्सीचं.

खरा फरक मात्र 'इंटरनॅशनल बिझनेस' या शब्दांत आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

आपल्याकडे हा विषय आला तोच निर्यातीच्या गरजेतून. दिल्लीची आयआयएफटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड) केंद्र सरकारने १९६३ साली काढली. देशाला परकीय चलन हवं होतं आणि माल बाहेर पाठवायचं शास्त्र जाणणारी माणसं हवी होती. नावातच 'फॉरेन ट्रेड' आहे. पुण्यातली सिम्बायोसिसची एसआयआयबी (सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल बिझनेस) १९९२ सालची, म्हणजे उदारीकरणाच्या दुसऱ्याच वर्षाची. आजही आपल्या आयबीच्या अभ्यासक्रमाचा कणा तोच आहे: एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), इन्कोटर्म्स (खर्च आणि जोखीम कुठवर कोणाची हे ठरवणाऱ्या अटी), शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद), फॉरेक्स, आणि लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे एलसी (ठरलेले कागद दिले की पैसे देऊ, अशी बँकेची हमी).

हे विषय कागदावर कोरडे दिसतात. मी कामाला लागले त्या पहिल्या वर्षी इचलकरंजीकडच्या एका पार्टीचं सूत ढाक्याला निघालं होतं. एलसीत मालाचं वर्णन होतं 'हंड्रेड पर्सेंट कॉटन कॉम्बड यार्न' (विंचरलेल्या कापसाचं सूत), पुढे काउंट, म्हणजे सुताच्या जाडीचा आकडा. मी केलेल्या इनव्हॉइसवर 'कॉम्बड' हा एक शब्द राहून गेला. सूत उत्तम होतं, कंटेनर न्हावा शेव्याहून सुटलेला होता, पण बँकेने डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली विसंगती, लावली. बँकेचं बरोबरच होतं. यूसीपी ६०० हे एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम २००७ पासून लागू आहेत आणि त्यांचं मूळ सूत्र असं की बँक कागद बघते, माल नाही. इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. बँकेला कागद तपासायला पाच कामाचे दिवस असतात, आणि मूळ बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर घेतल्याची जहाज कंपनीची पावती) सोबत असेल तर शिपमेंटपासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत पोचावे लागतात. आमच्या हातात दिवस होते, इनव्हॉइस दुरुस्त करून दिलं, पैसे सुटले. दिवस नसते तर ढाक्याच्या खरेदीदाराने डिस्क्रेपन्सी मान्य करावी म्हणून त्याच्या विनवण्या कराव्या लागल्या असत्या, आणि बाजार पडलेला असेल तर तो तेवढ्याच बळावर भाव पाडून मागतो. आयबीच्या वर्गात एलसीचं प्रकरण झोपेत ऐकणाऱ्यांना मी हे दरवर्षी सांगते.

आता समजा तोच सूतवाला उद्या म्हणाला, "माल किती दिवस पाठवत बसायचं? तिकडंच युनिट टाकू." इथून पुढचे प्रश्न एमएस्सीच्या वर्गातले. तिथला भागीदार घ्यायचा की सगळं स्वतःच्या मालकीचं ठेवायचं? आपल्याकडे असं काय आहे जे तिथल्या गिरणीकडे नाही? यावर रेडिंग विद्यापीठातले जॉन डनिंग यांनी १९७६ च्या सुमारास मांडणी केली: मालकीतून येणारी ताकद, जागेचा फायदा, आणि काम दुसऱ्याला न देता स्वतःकडे ठेवण्याचा फायदा. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९७७ मध्ये दाखवलं की कंपन्या आधी ओळखीच्या वाटणाऱ्या देशांत जातात आणि अनुभव येईल तसं पाऊल मोठं टाकतात. नेदरलँड्सचे समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांची सर्वेक्षणं तपासून साहेबापुढे कोणत्या समाजात किती बोललं जातं, हे मोजायचा प्रयत्न केला. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आली ती बीफ आणि पोर्क बाजूला ठेवून. ते का आणि कसं ठरतं, हा त्या वर्गातला प्रश्न. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली, सुमारे २.३ अब्ज डॉलरना. मालक मुंबईत, कारखाने इंग्लंडात, कामगार संघटना तिथल्या. हा कारभार कसा चालवायचा, हाही त्याच वर्गातला.

थोडक्यात एक शिक्षण माल सीमेपलीकडे नेण्याचं आहे, दुसरं कंपनी सीमेपलीकडे चालवण्याचं. दोन्हीकडे थोडं थोडं दुसरंही शिकवतात, पण भर हा असा. त्यामुळे ब्रिटनमधून एमएस्सी करून आलेल्या मुलाला शिपिंग बिल भरता येत नाही म्हणून कोणी नाक मुरडलं, तर तो त्याच्यावर अन्याय आहे. ते त्याला शिकवलेलंच नसतं. तसंच आपल्या आयबीवाल्याला तीस पानी शोधनिबंध लिहायची सवय नसते. ब्रिटिश मास्टर्स १८० क्रेडिटचं, त्यातले बऱ्याच ठिकाणी ६० क्रेडिट डिझर्टेशनचे, म्हणजे या शोधनिबंधाचे. आपल्याकडे ती जागा दोन महिन्यांच्या समर इंटर्नशिपने घेतलेली असते.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात शेवटपर्यंत येत नाही: प्लेसमेंट. आपल्याकडे कंपनी कॉलेजात येते. मुलं सूट घालून रांगेत बसतात, यादी लागते, ऑफर हातात पडते. तिकडं बहुतेक ठिकाणी 'करिअर सर्व्हिस' असते; ती सीव्ही बघून देते, मुलाखतीचा सराव करून घेते, पण अर्ज ज्याचा त्याने करायचा. एक वर्षाचा कोर्स सप्टेंबरात सुरू होतो आणि मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीमचे (ताज्या पदवीधरांच्या भरतीचे) अर्ज त्याच शरद ऋतूत खुले असतात. म्हणजे घर शोधायचं, थंडीचं जॅकेट घ्यायचं, पहिली असाइनमेंट लिहायची आणि त्याच आठवड्यांत नोकरीचे अर्जही भरायचे. जानेवारीत जाग येणाऱ्यांचं अर्धं वर्ष गेलेलं असतं.

शिक्षणानंतर राहायची मुदतही आधी बघून ठेवा. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट हा शिक्षणानंतरचा व्हिसा मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांवर येतो. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर २४ महिन्यांपर्यंत, जर्मनीत १८ महिने. लग्न झालेल्यांसाठी सांगते: जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये वर्गात शिकवल्या जाणाऱ्या ('टॉट') मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदाराला सोबत नेता येत नाही. परत येऊन इथं पुढं शिकायचं असेल तर ब्रिटनचं एक वर्षाचं मास्टर्स चालेल का, हा जुना वाद होता. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केल्यावर तो बराच मिटला.

माझं मत विचाराल तर घरचा व्यापार आहे, किंवा नोकरी न्हावा शेवा, पुणे, मुंबईच्या पट्ट्यात लॉजिस्टिक्समध्ये, ट्रेड फायनान्समध्ये करायची आहे, त्यांनी इथलंच आयबी करावं. निम्म्याहून कमी खर्चात कामाचं शिक्षण मिळतं. युरोपातल्या कंपनीत काही वर्षं काढायची मनापासून इच्छा आहे, भाषा शिकायची तयारी आहे, त्यांनी एमएस्सीला जावं. आणि ज्यांची चार-पाच वर्षं नोकरी झाली आहे, त्यांनी ताज्या पदवीधरांच्या एमएस्सीत बसू नये. थांबून खऱ्या एमबीएची तयारी करावी.

कोर्सचं नाव बाजूला ठेवून विषयांची यादी उघडा, प्रवेशाच्या अटी वाचा. गेल्या वर्षी सांगलीकडचा एक मेकॅनिकलचा मुलगा जर्मनीचं ठरवूनच आला होता. फी नाही म्हणून. आम्ही आठ सेमिस्टरच्या मार्कशीट टेबलावर पसरल्या. जर्मनीतल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांचं मॅनेजमेंटचं मास्टर्स पदवीच्याच विषयाला पुढे नेणारं असतं, आणि पदवीत बिझनेस-इकॉनॉमिक्सचे ठरावीक क्रेडिट झालेले मागतात. याच्याकडे चार वर्षांत इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा एक पेपर होता. एकच.

"मग मॅडम, आता?"

मग आम्ही दुसरी यादी केली: कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल असं स्पष्ट लिहिलेली आयर्लंड आणि ब्रिटनमधली चार विद्यापीठं, आणि पाचव्या ओळीवर पुण्यातलं एमबीए आयबी. त्या ओळीसमोर त्याने स्वतःच पेन्सिलीने सीईटीची तारीख लिहिली.