पुतळे व मूर्ती, पुणे शहरातील

पुणे शहर व परिसरातील पूज्य देवप्रतिमा आणि व्यक्तींच्या वा घटनांच्या स्मरणार्थ घडवलेली शिल्पे यांचा या नोंदीत एकत्र विचार केला आहे. मराठीने या दोहोंना वेगवेगळे शब्द दिले आहेत आणि क्रियापदेही वेगळी लावली आहेत. मूर्ती ‘बसवतात’, पुतळा ‘उभारतात’. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, पुतळ्याचे अनावरण होते. मूर्ती भंगली तर ती पाण्यात विसर्जित करून नवी घडवतात; पुतळ्याची डागडुजी करतात, आणि राग आला तर गवताचा पुतळा जाळतातही. पुण्यातील प्रत्यक्ष उदाहरणे पाहू लागले की ही विभागणी फार वेळ टिकत नाही. येथील एका देवळाच्या भिंतीवर समकालीन राजकारणाची खूण असावी असे मानतात, आणि एका सेनापतीच्या स्मारकात देवळासारखे नियम पाळले जातात. म्हणून दोन्ही प्रकार एकाच नोंदीत घेतले आहेत.

मूर्ती म्हटली की ती सावयव असलीच पाहिजे असे नाही. शेंदूर लावलेला निराकार दगड म्हणजे तांदळा. घराण्यातील देवांची व पूर्वजांची धातूच्या पत्र्यावर ठसवलेली छोटी प्रतिमा म्हणजे टाक. आषाढी वारीत पुण्यात मुक्कामाला येणाऱ्या ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालख्यांत संतांची मूर्ती नसते, पादुका असतात. भवानी पेठेतील पालखी विठोबा आणि नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा या देवळांत त्या पादुकांपुढे रात्रभर रांग लागते. स्मरणासाठी चेहरा लागतोच, ही कल्पना या प्रदेशात तुलनेने अलीकडची आहे.

स्मारकशिल्पाचा येथील सर्वांत जुना रूढ प्रकार वीरगळ हा होय. पुणे जिल्ह्यातील अनेक गावांच्या वेशीवर आणि देवळांच्या आवारात हे उभे दगड आढळतात. दगडाचे तीन किंवा चार कप्पे केलेले असतात व ते खालून वर वाचायचे असतात : तळाशी पडलेला वीर, बऱ्याचदा गाईगुरांसह, त्यावर लढाई, त्याच्यावर अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य कोरतात : चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहो. सतीच्या दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला हात असतो. बहुसंख्य वीरगळांवर लेख नसल्याने त्यांचा काळ शैलीवरून, तोही शतकाच्या अंतराने सांगावा लागतो. कित्येक ठिकाणी मूळ वीराचे नाव विसरले गेले आहे आणि दगडाला शेंदूर चढून तो मारुती किंवा म्हसोबा झाला आहे. स्मारकाचा देव होण्याची ही वाट पुढेही दिसते.

शहरातील पाताळेश्वर लेणे सर्वसाधारणपणे आठव्या शतकातील, राष्ट्रकूट काळातील मानतात. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या इ. स. ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत अनुक्रमे ‘पुण्य विषय’ व ‘पूनक विषय’ (विषय म्हणजे प्रांत) असे उल्लेख आहेत, मात्र त्यांत लेण्याचा निर्देश नाही. कालनिर्णय खोदकामाच्या पद्धतीवरून केला जातो. अंगणात एकाच कातळातून कोरलेला वर्तुळाकार नंदीमंडप हे या लेण्याचे वैशिष्ट्य. खांबांच्या जाडीच्या मानाने वरचे छत्र इतके जड आहे की पावसाळ्यात खाली उभे राहिले असता चहूबाजूंनी पाण्याची झालर पडते आणि नंदी कोरडा राहतो.

यानंतर पेशवाईपर्यंतचा दुवा क्षीण आहे. कसबा गणपती हे ग्रामदैवत स्वयंभू मानले जाते व त्याचे देऊळ जिजाबाईंच्या काळाशी जोडले जाते. पेशवाईत मात्र देवळांची आणि त्यांच्या नावांची रेलचेल झाली. सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती ही नावे शास्त्रातली नव्हेत, पेठेतली आहेत. शेजारचे दुकान, घडलेला प्रसंग किंवा मूर्तीची ठेवण यांवरून ती पडली. डुल्या मारुती पानिपताच्या वेळी डुलला अशी आख्यायिका आहे. नारायण पेठेतील मोदी गणपती ज्या बागेत होता, ती इंग्रज रेसिडेन्सीच्या सेवेतील खुश्रूशेट मोदी या पारशी गृहस्थाची म्हणून सांगतात. गणपतीला पारशी आडनाव लागले आणि पुणेकरांना त्यात कधीही वावगे वाटले नाही, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

त्रिशुंड गणपती : सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी असलेले हे देऊळ शिल्पदृष्ट्या शहरात अनन्य आहे. भीमगीरजी गोसावी यांनी ते बांधले. भीमगीरजी इंदूरजवळच्या धामपूरचे होते अशी परंपरा आहे. बांधकामाचा आरंभ २६ ऑगस्ट १७५४ रोजी झाला व ते १७७० मध्ये संपले असे मानतात. गर्भगृहापाशी तीन लेख आहेत, दोन संस्कृत व एक फार्सी. एका संस्कृत लेखात रामेश्वराच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे, दुसऱ्यात गीतेतील वचन आहे. यावरून हे मूळचे शिवालय असावे व गणपती नंतर मुख्य दैवत झाला असावा, हे मत ग्राह्य वाटते. पाठीमागच्या भिंतीवरील लिंगोद्भवाचे, म्हणजे लिंगातून शिव प्रकट होण्याचे, शिल्पही त्याला पुष्टी देते. गोसाव्यांच्या देवळात फार्सी लेख पाहून नवख्या अभ्यासकाला आश्चर्य वाटते. परंतु गोसावी हे त्या काळचे सावकार व व्यापारी होते, त्यांचा वावर उत्तर हिंदुस्थानभर होता आणि फार्सी ही व्यवहाराची भाषा होती. मुख्य मूर्ती एकमुखी, तीन सोंडांची, सहा हातांची व मयूरारूढ आहे. तळघरात मठाधिपतींची समाधी असून तेथे पाणी साठते. गुरुपौर्णिमेला ते उपसून समाधी दर्शनासाठी खुली करतात.

दर्शनी भिंतीवरील एका शिल्पपट्टाविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यात टोपीवाला शिपाई गेंड्याला साखळदंडाने जखडतो आहे. पट्ट लहान आहे. गेंड्याच्या कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या कोरल्या आहेत. गेंडा म्हणजे बंगाल व आसाम, शिपाई म्हणजे इंग्रज, आणि दृश्य १७५७ च्या प्लासीनंतरच्या इंग्रजी वर्चस्वाचे, असा अर्थ सर्वत्र सांगितला जातो. यातील बंगालचा भाग कालदृष्ट्या शक्य आहे : प्लासी आणि १७६५ ची दिवाणी (इंग्रजांना मिळालेला बंगालच्या महसूलवसुलीचा हक्क) या दोन्ही घटना बांधकाम चालू असतानाच्या आहेत व गोसाव्यांच्या पेढ्यांमार्फत त्या बातम्या पुण्यास पोहोचल्या असणारच. आसामचा भाग मात्र टिकत नाही. आसाम इंग्रजांकडे आला तो १८२६ च्या यांदाबूच्या तहाने, म्हणजे देऊळ पूर्ण झाल्यावर अर्धशतकाहून अधिक काळाने.

दुसरी शक्यता अधिक साधी आहे. साखळदंडातला गेंडा हे दरबारी शिकारखान्यातले, म्हणजे दरबाराने पाळलेल्या वन्य प्राण्यांच्या संग्रहातले, नेहमीचे दृश्य होते. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये पाहून काढलेले चित्र उपलब्ध आहे. गंगाराम हे पेशवे दरबारातील इंग्रज वकील (राजदूत) चार्ल्स मॅलेट याच्या पदरी होते व पुढे जेम्स वेल्स या चित्रकाराबरोबरही त्यांनी काम केले. ते चित्र देवळानंतरचे असल्याने थेट पुरावा ठरत नाही. तरी पुण्याच्या पाथरवटाला गेंडा हा केवळ ऐकीव प्राणी होता, असे गृहीत धरण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. रूपक आणि शिकारखाना यांतील एक निवडायचे झाल्यास शिकारखान्याकडे कल ठेवावा. पण टोपीवाला तेथे का, याचे उत्तर रूपकाच्या बाजूनेच जास्त चांगले मिळते, हेही मान्य केले पाहिजे. पट्टाची झीज चालू आहे आणि वाद मिटण्याआधी दगड मिटू नये, ही काळजी रास्त आहे.

पेशवाईत व्यक्तीचे पूर्णाकृती सार्वजनिक पुतळे उभारण्याची रीत नव्हती. छत्री (दहनस्थळावरची स्मारक-वास्तू), वृंदावन किंवा समाधी बांधत. वानवडी येथील शिंदे छत्री हे याचे ठळक उदाहरण. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वारले व त्यांच्यावर येथेच अंत्यसंस्कार झाले. महादजींनी बांधलेले शिवालय आधीपासून होते, पुढील सभागृह नंतरचे आहे. शिवालयासमोर महादजींची प्रतिमा आहे. आवारात पावसाळी छत्री उघडत नाहीत : सरदाराच्या छत्रीखाली दुसरी छत्री धरणे हा अवमान समजला जातो. स्मारक आणि देवस्थान यांची सरमिसळ याहून स्पष्ट दाखवणारे स्थळ शहरात नाही.

प्रतिमा निषिद्ध मानणाऱ्या समाजांची स्मारके या नोंदीच्या कडेला येतात, पण ती वगळणे बरोबर होणार नाही. १८६३ ते १८६७ या काळात बांधलेल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, म्हणजेच पुणेकरांच्या लाल देवळाच्या, आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे; ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले. तेथे चेहरा नाही, कोरीव अक्षरे आहेत. दर्ग्यांतही कबर आणि तिच्यावरची चादर हेच स्मारक असते. ख्रिस्ती संतांच्या मूर्ती क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये पाहाव्यात. या चर्चची जागा सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये, पेशव्यांनी दिली.

शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा : शिवाजीनगर (पूर्वीचे भांबुर्डे) येथील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील हा पुतळा पश्चिमी पद्धतीच्या स्मारकशिल्पाचा महाराष्ट्रातील मानदंड होय. छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. त्याआधी दोनच दिवस युवराज मुंबईत उतरला होता आणि बहिष्कारातून तेथे दंगल उसळली होती. त्यामुळे समारंभाकडे निष्ठेचे प्रदर्शन म्हणून पाहणारे व अभिमानाचा क्षण म्हणून पाहणारे असे दोन तट पडले. शाहू महाराज १९२२ मध्ये निवर्तले. अनावरण १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले.

शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवण्याचे. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पाहून ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरने त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवले, अशी हकिगत सांगितली जाते. पुतळा एकसंध ओतला आहे, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य मानतात. अश्वारूढ पुतळ्यात ही गोष्ट कठीण का, हे समजून घेतले पाहिजे. प्रथम लोखंडी सांगाड्यावर मातीकाम होते, त्यावरून प्लास्टरचा साचा घेतात. ब्राँझ पोकळ ओतावे लागते : साचा आणि आतला गाभा यांच्यामधल्या काही मिलिमीटरच्या फटीत रस भरायचा असतो. भट्टीतला रस सर्वत्र एकाच वेळी पोहोचला पाहिजे, आणि कोंडलेली हवा व वायू बाहेर पडण्यास वाटा ठेवाव्या लागतात. एखादी वाट बुजली की तेथे भोक पडते. रस अर्ध्यात थंडावला की सांधा राहतो. म्हणून ओतारी सहसा असा पुतळा तुकड्यांत ओततात, तुकडे जोडतात आणि सांधे घासून बुजवतात. त्यात घोड्याचा प्रश्न वेगळाच : धड व स्वार यांचे सारे वजन बारीक पायांवर येते, त्यामुळे पायांच्या पोकळीत आधार देऊन तो चौथऱ्यात खोल रोवावा लागतो. घोड्याचे किती पाय उचललेले आहेत यावरून स्वाराचा मृत्यू कसा झाला ते कळते, हा लोकप्रिय समज निराधार आहे. पाय किती उचलायचे ते तोल ठरवतो.

मंडईतील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण १९२४ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीराव फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव आणला आणि त्याला कडाडून विरोध झाला. त्या वादातून निघालेल्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवर खटला झाला. आरोपींची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. ही मंडई म्हणजे मूळचे रे मार्केट. ते बांधण्याच्या खर्चाला खुद्द फुल्यांनीच विरोध केला होता. आज तिला त्यांचेच नाव आहे आणि तिच्यासमोर टिळकांचा पुतळा आहे.

अलीकडच्या काळात पुतळे हलवण्याचे प्रसंगही घडले. लाल महालातील शिल्पसमूहातून दादोजी कोंडदेव यांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने काढला. दादोजी शिवाजी महाराजांचे गुरू होते काय, या प्रश्नावर इतिहासकारांत मतभेद आहेत व पुरावा त्यांच्या कारभारीपणाबद्दलच अधिक बोलतो. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकातील संभाजी महाराजांचे चित्रण हे त्याचे कारण सांगितले गेले.

निगेच्या पद्धतीही दोन आहेत. दगडी मूर्तीवर तेलात कालवलेल्या शेंदराचे थर वर्षानुवर्षे चढतात, घट्ट होतात व शेवटी कवच म्हणून सुटून पडतात. कधीकधी आतून अनपेक्षित जुनी मूर्ती निघते. सुटलेले कवच कचऱ्यात टाकत नाहीत, विधीपूर्वक विसर्जित करतात. ब्राँझच्या पुतळ्यावर हवेने हिरवट पुट चढते. ते खरवडून पुतळा चकचकीत करण्याचा हौशी उद्योग टाळावा, कारण तेच पुट खालच्या धातूचे रक्षण करते. जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळे पाण्याने धुतात. अनेक पुतळ्यांच्या बाजूला लोखंडी शिडी कायमची बसवलेली असते. सकाळी पहिला हार घेऊन चढणारा माणूस वरच्या पायरीआधी चपला काढतो.